डॉक्टर शोधावा तो मूल बरे असताना

(गोकुलम, म्हैसूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जमतो तेव्हा महागाई भत्ता, रोस्टर, पेन्शन, रिकाम्या जागा हे विषय असतात. आजचा विषय त्यातला नाही. मुलासाठी जवळचा डॉक्टर कसा निवडावा, यावर आम्ही बोलणार आहोत. काही साथींनी विचारले की हा युनियनचा विषय आहे काय? त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. आधी हा विषय कसा निघाला ते सांगतो.

बेळगावकडचा एक तरुण पॉइंट्समन बदलीवर म्हैसूरला आला. गोकुलममध्ये एक खोली घेतली. बायको आणि दहा महिन्यांची मुलगी बरोबर. बदलून आलेला माणूस युनियन ऑफिसात आला की पहिल्यांदा क्वार्टरची चौकशी करतो, नाहीतर बदली भत्त्याचे बिल कुठे अडकले ते विचारतो. हा गडी म्हणाला, "मामा, हितं बारक्या पोरांचा डॉक्टर कोण बरा हाय?"

आम्ही एक नाव सांगू शकलो असतो. पण तो डॉक्टर आमच्या घराजवळ, त्याच्या घरापासून दोन मैल. आमच्या वेळेला बरा, त्याच्या रात्रपाळीला बंद. मग लक्षात आले की नुसते नाव देऊन भागत नाही, निवडायचे कसे हे सांगायला पाहिजे. आणि ते सांगण्याचा अधिकार आम्हाला एवढ्याचसाठी आहे की ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

१ एप्रिल २००३ रोजी दक्षिण पश्चिम रेल्वे झाली, हुबळीला मुख्यालय आले, आणि म्हैसूर विभाग त्यात आला. पुढच्या वर्षी आम्ही खानापूर सोडून इकडे आलो. आम्हाला कानडी थोडेफार येत होते. आमची मंडळी चंदगडची, त्यांना एक अक्षर येत नव्हते. गोकुलमच्या तिसऱ्या स्टेजला एका अज्जींच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली. २००५ च्या पावसाळ्यात मुलगा आठ महिन्यांचा होता. एके दिवशी संध्याकाळी त्याला जुलाब सुरू झाले. आमची रात्रपाळी. "उद्या बघू" म्हणून आम्ही डबा उचलून ड्यूटीवर गेलो.

रात्री जुलाब वाढले. मंडळी मुलाला खांद्यावर घेऊन औषधाच्या दुकानात गेल्या. हातवारे करून सांगितले. दुकानदाराने जुलाब बंद होण्याचे औषध दिले. जुलाब खरोखर बंद झाले, आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. सकाळी सात वाजता आम्ही घरी आलो तेव्हा मुलाचे पोट फुगलेले, डोळे खोल गेलेले. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हते. रात्रीपासून लघवी झाली नव्हती. हात सोडला की हात खाली पडत होता.

साथींनो, त्या वेळी आम्हाला आमच्या सेक्शनमधला प्रत्येक सिग्नल पाठ होता. पण म्हैसूर शहरात मुलांचा एकही डॉक्टर माहीत नव्हता. मूल उचलून आम्ही रस्त्यावर आलो. एका पाटीवर दहाला उघडणार असे लिहिले होते. दुसरीकडे बाई म्हणाल्या की आधी नंबर लावल्याशिवाय डॉक्टर बघत नाहीत. आम्ही परत फिरलो तेव्हा घरमालकीण अज्जी दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे एकदा बघितले, आम्हाला कानडीत चार शिव्या घातल्या, आणि पायात चप्पल न घालता दोन गल्ल्या पलीकडे घेऊन गेल्या. तिथे एक वयस्क डॉक्टर खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड असे राहत होते.

त्यांनी मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. त्यांनी दुकानाची बाटली बघितली आणि बाजूला ठेवून दिली. मग ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घेतली, मंडळींच्या हातात चमचा दिला आणि सांगितले की दर मिनिटाला एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणि मधेमधे अंगावर पाजायचे. आम्हाला म्हणाले, "इथेच बसा. दुपारपर्यंत लघवी झाली नाही किंवा पिणे थांबले, तर चेलुवांबा हॉस्पिटलला चिठ्ठी देतो, लगेच निघायचे." साडेबाराच्या सुमारास मुलाने आमच्या मांडीवर युनिफॉर्मची पँट ओली केली. त्या ओल्या पँटीचा जो आनंद झाला, तो आम्हाला वेतन आयोगाच्या थकबाकीच्या दिवशीही झाला नाही. तो मुलगा आज विशी ओलांडून गेला आहे.

आता यात चूक कुणाची? दुकानदाराची होतीच. तान्ह्या मुलाला जुलाब बंद करायचे औषध देऊ नये. आतड्यात घाण तशीच राहते, पोट फुगते, आणि शरीरातले पाणी गेलेले असते ते गेलेलेच राहते. पण मोठी चूक आमची होती. गाडी सुटण्याआधी ब्रेक तपासतात. टपालाची थैली उघडण्याआधी सील तपासतात. अपघात झाल्यावर तपासणीला निघणारा माणूस आपल्या दोन्ही खात्यांत टिकत नाही. आणि आम्ही मात्र मुलाचा डॉक्टर शोधायला निघालो ते मूल हातात लुळे पडल्यावर. आमचे आजचे सगळे सांगणे या एका गोष्टीत आहे. डॉक्टर निवडायचा तो मूल हसत-खेळत असताना. आजारी मूल कडेवर असताना माणूस निवड करत नाही, जे दार उघडे दिसेल त्यात शिरतो.

मग बरे मूल घेऊन डॉक्टरकडे जायचे कशाला, असे कुणी म्हणेल. निमित्ते पुष्कळ आहेत. वजन बघायचे असते. वरचे अन्न केव्हा आणि काय द्यायचे ते विचारायचे असते. लसीचे कार्ड तपासून घ्यायचे असते. कर्नाटकात गरोदर बाईला "ताई कार्ड" मिळते, ताई म्हणजे कानडीत आई. आपल्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असते. ते कार्ड घेऊन बदलीच्या गावी पहिल्या महिन्यातच एका डॉक्टरकडे जावे. एक फी खर्च होईल. त्या फीमध्ये आपल्याला मुलाची तब्येत तर कळतेच, पण डॉक्टरही कळतो.

त्या भेटीत काय बघावे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अंतर आणि वेळ. हे गोकुलम पूर्वी शांत वसाहत होती. योगासने शिकायला परदेशी लोक येऊ लागले, पट्टाभी जोइस यांची शाळा इथे आली, तशी भाडी वाढली, चकचकीत पाट्या वाढल्या. त्या परदेशी लोकांतही लहान मुले घेऊन येणारी कुटुंबे असतात. अनोळखी गाव, भाषा येत नाही, आणि मुलाला ताप. त्यांच्यापुढे प्रश्न तोच असतो जो आपल्या पॉइंट्समनपुढे होता. फरक इतकाच की त्यांच्या खिशात चूक दुरुस्त करायला पैसे असतात. आपल्याला पाटी आणि एअर कंडिशनर बघून निवडणे परवडत नाही. चालत किंवा रिक्षाने पंधरा मिनिटांत पोचता येते काय, संध्याकाळी उशिरा आणि रविवारी कोण बघते, आणि डॉक्टर नसले तर ते कुणाकडे पाठवतात, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. पाळीत काम करणाऱ्या माणसाच्या घरी बहुतेक वेळा मुलाला घेऊन जाणारी एकटी आई असते. तिला एकटीला, रात्री, पोचता येईल असा डॉक्टर तो आपला डॉक्टर.

दुसरी गोष्ट पदवी आणि नोंदणी. बालरोगतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.च्या पुढे मुलांच्या आजारांचे शिक्षण घेतलेला. पाटीवर एम.डी. पीडियाट्रिक्स, डी.एन.बी. पीडियाट्रिक्स किंवा डी.सी.एच. असे काहीतरी असते. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवायचा असतो, हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखाली दवाखान्याची नोंदणी लागते आणि फीचे दर लावावे लागतात. बघायला लाज वाटून घेऊ नये. आपणही ड्यूटीवर ओळखपत्र लावतोच.

पण नुसत्या पदवीवर जाऊ नका. साधा ताप-खोकला आपल्या गल्लीतला जुना एम.बी.बी.एस. डॉक्टर उत्तम बघू शकतो. आम्ही ज्यांना बालरोगतज्ज्ञ म्हणून शोधतो ते महिन्याच्या आतल्या बाळासाठी, वजन न वाढणाऱ्या मुलासाठी, वारंवार दम लागणाऱ्या, झटके येणाऱ्या मुलासाठी तर हवेतच.

तिसरी गोष्ट तपासणे आणि ऐकणे. डॉक्टरने मुलाला कपडे वर करून तपासले काय? वजन केले काय? मुलांचे औषध वजनावर ठरते, वयावर नाही. वजन न करता औषध लिहिले तर आपण विनम्रपणे म्हणावे की डॉक्टरसाहेब, वजन करून घेऊ का? आईचे बोलणे पूर्ण होऊ दिले काय? मुलाला काय होते आहे ते चोवीस तास आई बघते. तिला दोन वाक्यांत गप्प करणारा डॉक्टर कितीही मोठा असो, आमच्या मते तो आपल्या कामाचा नाही.

इथे भाषेचा प्रश्न येतो. तो आपण वाटतो तेवढा मोठा नाही. तापाला कानडीत ज्वर म्हणतात, उलटीला वांती, जुलाबाला भेदी. हे शब्द आपल्या आजीच्या तोंडचेच आहेत. खोकल्याला केम्मु, मुलाला मगु, श्वासाला उसिरु. आमच्या मंडळींनी हे सहा शब्द त्या प्रसंगानंतर आठवड्यात पाठ केले. नव्याने आलेल्या भगिनींनी पहिल्या दिवशीच करावेत, आणि शेजारच्या अज्जींशी ओळख त्याच्याही आधी करावी.

चौथी गोष्ट औषध. चांगला डॉक्टर कमी औषधे लिहितो आणि प्रत्येक कशासाठी ते सांगतो. साधी सर्दी विषाणूची असते. तिला जंतुनाशक म्हणजे अँटिबायोटिक लागत नाही, ती आठवडाभरात जाते. पण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. "इंजेक्शन द्या, स्ट्राँग औषध द्या, मला परवा ड्यूटी आहे," असे आपणच म्हणतो. आणि इंजेक्शन न देणाऱ्याला "याला काही येत नाही" म्हणून सोडून पुढच्याकडे जातो. म्हणजे चांगल्या डॉक्टरला आपणच शिक्षा करतो.

खोकल्याच्या बाटलीबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लहान मुले मृत्यू पावली. साधा सर्दी-खोकला म्हणून त्यांना कोल्ड्रिफ नावाचे सिरप दिले गेले होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या सिरपच्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष सापडले, तेही जवळजवळ निम्म्या प्रमाणात. त्या विषाने मुलांचे मूत्रपिंड निकामी झाले. कितीतरी मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. ते सिरप लिहून देणाऱ्यांत एक बालरोगतज्ज्ञही होते. विष डॉक्टरांनी घातले नव्हते, ते कारखान्यातून आले. कुणाचा किती दोष ते न्यायालय ठरवील. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून गेले होते आणि १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग त्यावर बसला होता. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष पुन्हा आले.

यातून आपण घरी काय शिकायचे? केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही साधारणपणे ती देऊ नयेत. तेव्हा दीड वर्षाच्या मुलासाठी कुणी खोकल्याचे सिरप लिहिले तर "याची गरज आहे काय?" हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्या प्रश्नावर डॉक्टर रागावतो की समजावून सांगतो, यावरून निवड आपोआप होते. मागच्या वेळची उरलेली बाटली किंवा मोठ्या भावाची बाटली धाकट्याला कधीही देऊ नका.

ओआरएसचेही तसेच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती, सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचे पाणी करून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. एवढे स्वस्त औषध दुसरे नाही. पण दुकानात ओआरएस नाव लावून गोड पेये विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी आठ वर्षे झगडा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. पुडीच घ्यावी, तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले बघावे, आणि पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी घालावी. सोबत जस्ताची म्हणजे झिंकची गोळी चौदा दिवस असते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.

पाचवी गोष्ट, पुढे पाठवण्याची तयारी. आमच्या त्या वयस्क डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की दुपारपर्यंत असे झाले नाही तर चेलुवांबा. आपल्याला काय जमणार नाही हे ज्याला माहीत आहे आणि जो ते वेळेवर सांगतो, तो डॉक्टर विश्वासाचा. इथले चेलुवांबा हे स्त्रिया आणि मुलांसाठीचे सरकारी हॉस्पिटल आहे, म्हैसूर मेडिकल कॉलेजला जोडलेले. तिथे गर्दी असते, बसायला जागा नसते, हे खरे. पण अत्यवस्थ मूल रात्री दोन वाजता घेऊन गेलात तर तिथे डॉक्टर असतो. सरकारी हॉस्पिटलला नावे ठेवून खासगीत कर्ज काढणाऱ्या साथींना आमचे सांगणे आहे की आधी एकदा तिथे जाऊन इमर्जन्सीचे दार कुठे आहे ते बघून या.

आता लसीकरण. सरकारी वेळापत्रकातल्या लसी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. जन्मताच बीसीजी, पोलिओचा डोस आणि कावीळ-बी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस. न्यूमोकोकलची लस सहा व चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत. हीच लस खासगीत घेतली तर एकेका टोचणीला शेकडो, काहींना हजारो रुपये पडतात. खासगी डॉक्टर यापलीकडच्या काही लसी सुचवतात, कांजिण्यांची, टायफॉइडची वगैरे. त्या वाईट नाहीत. पण "सरकारी यादीतली कोणती आणि त्यापलीकडची कोणती?" हे विचारावे आणि आपल्या पगाराप्रमाणे ठरवावे. याच सरकारी लसीकरणाच्या बळावर देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला.

आता आपल्या हक्कांकडे येतो. रेल्वे कर्मचाऱ्याच्या मुलांना रेल्वे रुग्णालयात तपासणी, औषधे आणि गरज पडल्यास बाहेरच्या मान्य रुग्णालयाचे रेफर पत्र मिळते. त्यासाठी उमीद कार्डावर मुलाचे नाव पाहिजे. बाळ जन्मले की बारशाच्या आधी कार्डाचा अर्ज करा. कितीतरी साथींचे काम नेमके तिथे अडते. आपल्या मनाने खासगी डॉक्टरकडे गेलात तर त्या साध्या तपासणीची फी परत मिळत नाही, हे समजून चाला. टपाल खात्यातील साथींना जिथे केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे तिथे तिचे कार्ड, आणि जिथे नाही तिथे १९४४ चे वैद्यकीय नियम आणि अधिकृत वैद्यकीय अधिकारी. तुमच्या भागात तो अधिकारी कोण, हे आजच ऑफिसात विचारून लिहून ठेवा.

खरोखर आणीबाणीत जवळच्या कोणत्याही रुग्णालयात मुलाला दाखल करावे लागले तर घाबरू नका, कागद सांभाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शिवकांत झा यांच्या खटल्यात म्हटले आहे की रुग्णालय सरकारी यादीत नाही एवढ्याच कारणावरून खर्च नाकारता येत नाही. उपचार खरोखर घेतले काय आणि त्याचे कागद आहेत काय, हे बघितले पाहिजे. म्हणून आणीबाणी होती असे लिहिलेला दाखला, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल जपून ठेवावे, आणि ऑफिसला लगेच लेखी कळवावे. दावा मुदतीत द्यावा. अडला तर आमच्याकडे या.

नोकरी करणाऱ्या भगिनींना बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत ७३० दिवस. ती मुलाच्या आजारपणासाठीसुद्धा आहे, केवळ परीक्षेसाठी नाही. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण आणि पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के पगार. एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. आणि आमच्या ग्रामीण डाक सेवक साथींना या वैद्यकीय नियमांतले काहीच लागू नाही. खेड्याखेड्यांत टपाल पोचवणाऱ्या माणसाच्या मुलाला ताप आला तर सगळा भार त्याच्या खिशावर. ही मागणी आपण सोडलेली नाही आणि सोडणार नाही.

आता शेवटचा भाग, आणि तो आई-बापांचा आहे. डॉक्टर कितीही चांगला निवडला तरी दारापर्यंत मूल केव्हा न्यायचे हे घरात ठरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी कमी शिकलेल्या खेड्यातल्या माणसांना मुलाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले, आणि त्यांनी मुलांचे जीव वाचवले. आपण तर दहावी शिकलेले लोक आहोत. श्वास मोजायचा तो मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, असे आले तर लगेच डॉक्टर. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जात असेल तर थेट हॉस्पिटल. मूल दूध-पाणी घेत नाही, घेतलेले सगळे उलटते, झटके आले, हाक मारली तर डोळे उघडत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. आम्ही त्या रात्री "उद्या बघू" म्हटले होते. ते दोन शब्द अशा वेळी तोंडातून काढू नका.

प्रत्येक घरात एक वही करा. पहिल्या पानावर डॉक्टरचे नाव, पत्ता, फोन, वेळ. दुसऱ्यावर जवळचे इमर्जन्सी हॉस्पिटल. मग मुलाचे वजन तारखेसह, लसी, झालेले आजार, दिलेली औषधे, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले ते. आपली बदली होते, वही बरोबर जाते. अजमेर एक्स्प्रेसने बेळगावला जा, मिरजेला जा, पुण्याला जा, नव्या डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत मूल समजेल.

तशीच एक वही आम्ही शाखेच्या कार्यालयात आजपासून ठेवतो आहोत. कोणत्या वस्तीत कोणता डॉक्टर मुले बघतो, केव्हा बघतो, फी किती, समजावून सांगतो काय, एवढेच तिच्यात लिहायचे. कुणाची जाहिरात नको आणि कुणाची बदनामी नको. स्वतःला आलेला अनुभव लिहायचा, ऐकीव लिहायचे नाही. भगिनींनी लिहावे, कारण दवाखान्यात त्याच जातात. या वहीत आम्ही पहिली नोंद केली असती, पण ते वयस्क डॉक्टर आता हयात नाहीत, आणि अज्जीही नाहीत. त्या दोघांचे उपकार फेडायचे राहून गेले.

हा युनियनचा विषय आहे काय, असे सुरुवातीला कुणी विचारले होते. साथींनो, गाव सोडून नोकरीसाठी परमुलखात आलेल्या माणसाच्या पाठीशी भाऊबंद नसतात, सासर-माहेर नसते. मूल रात्री दोन वाजता तापाने फणफणले तर दार कुणाचे वाजवायचे हे त्याला माहीत नसते. ते सांगणारा कुणीतरी असावा, यासाठीच आपण एकत्र आलो. तो पॉइंट्समन आज पुढच्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसला आहे. त्याने या आठवड्यात मुलीचे वजन करून आणावे आणि वहीत पहिली नोंद त्याने करावी, अशी आमची त्याला विनंती आहे.

 कामगार एकजुटीचा विजय असो.